तोंड मिटायचं तर आधी नाक मोकळं करा

झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र घरी येऊन काही आठवडे झाले की अनेकांची तक्रार एकसारखीच असते. मास्क रोज लावतो, यंत्र रात्रभर चालतं, तरी सकाळी तोंडाला कोरड पडलेली, जीभ टाळूला चिकटलेली, घसा खरखरीत, डोकं जड. दिवसा पेंग येते ती येतेच. शेजारी झोपणाऱ्या माणसाला मध्यरात्री ओठांतून फुर्रकन हवा सुटल्याचा आवाज येतो. शेवटी वैतागून निष्कर्ष निघतो, ‘मला हे मशीन मानवत नाही.’

अशा वेळी बहुधा दोष यंत्राचा नसतो आणि तुमचाही नसतो. नाकातून आत सोडलेली हवा उघड्या तोंडातून निसटत असते, त्यामुळे उपचार अर्धवट होतो. हे थांबवता येतं, पण त्याला एक क्रम आहे. आधी नाक, मग हवेतला ओलावा, मग जीभ, मग प्रेशर आणि मास्क, आणि हनुवटीला बांधायचा पट्टा सर्वांत शेवटी. पुष्कळ जण नेमकी शेवटापासून सुरुवात करतात. पट्टा विकत आणतात, ओठांवर टेप चिकटवतात आणि चोंदलेल्या नाकाकडे पाहतही नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. तोंड विनाकारण उघडत नाही. ते का उघडतं हे शोधलं, तर ते मिटवण्यासाठी फारशी जबरदस्ती करावी लागत नाही.

हवा तोंडातून सुटते तेव्हा काय होतं

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाची जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो आणि श्वासाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. नाकातून सतत थोड्या दाबाची हवा सोडली, तर ही वाट आतून उघडी राहते, असं त्यात दिसलं होतं. म्हणजे सीपॅपचा हा उपचार पहिल्यापासून नाकातून द्यायचा म्हणूनच जन्माला आला.

नाकच का, याला कारण आहे. नाकातून आलेल्या हवेचा दाब मऊ टाळूवर मागच्या बाजूने पडतो. टाळू पुढे सरकून जिभेच्या मागच्या भागाला टेकतो आणि तोंडाकडे जाणारी वाट आपोआप बंद होते. म्हणूनच काही जणांचे ओठ झोपेत विलग होतात, तरी त्यांच्या तोंडातून हवा सुटत नाही. खरं कुलूप ओठांपाशी नाही, ते जीभ आणि टाळू जिथे भेटतात तिथे आहे. जबडा उतरला आणि जीभ खाली पडली की ते सुटतं. मग नाकातून शिरलेली हवा टाळूला वळसा घालून तोंडावाटे बाहेर पडते, घशातला दाब कमी होतो आणि ॲप्निया पुन्हा डोकं वर काढतो.

याचा दुसरा परिणाम नाकावर होतो. एरवी श्वास नाकातून आत जातो आणि नाकातूनच बाहेर येतो, त्यामुळे उच्छ्वासातली ऊब आणि ओल नाकाला परत मिळते. हवा तोंडातून निघून जायला लागली की नाकातून हवेचा लोट फक्त आत येत राहतो. नाक कोरडं पडतं, आतलं अस्तर सुजतं, नाक आणखी चोंदतं. नाक चोंदलं की झोपेत तोंड आणखी उघडतं. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागलं की यंत्राचं बटण कितीही फिरवा, ते आपण होऊन थांबत नाही. नाकापासून सुरुवात करायची ती याचसाठी.

आधी खात्री करून घ्या

सकाळची कोरड हे तोंडातून हवा सुटत असल्याचं लक्षण आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. काही गोळ्यांमुळे, मधुमेहामुळे किंवा पाणी कमी प्यायल्यामुळेही तोंड कोरडं पडतं. इतर खुणा पाहा. गाल फुगून जाग येते का? उशीवर लाळेचा ओला डाग असतो का? ढेकर येतात, पोट फुगल्यासारखं वाटतं का? घरच्या माणसाला सांगून ठेवा की रात्री जाग आली तर नुसतं पाहावं: तोंड उघडं आहे का, आणि हवेचा आवाज ओठांतून येतो की मास्कच्या कडेने?

हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे. मास्कच्या कडेने सुटणारी हवा डोळ्यांकडे जाते, गालाला लागते आणि मास्क नीट बसवला की थांबते. तोंडातून सुटणारी हवा मास्क कितीही आवळला तरी थांबत नाही. त्यामुळे लीक दिसला रे दिसला की पट्टे आवळत सुटू नका. नाकाच्या दांड्यावर वळ उठतील आणि मूळ प्रश्न तिथेच राहील. मास्कवर बारीक छिद्रं असतात, तीही बुजवू नका. तुम्ही बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच निघून जातो. त्यांतून हवा येणं हे मास्क नीट काम करत असल्याचं चिन्ह आहे.

मग यंत्राचा अहवाल पाहा. आजच्या बहुतेक यंत्रांत तो पडद्यावर किंवा मोबाइलच्या ॲपवर दिसतो. त्यातले दोन आकडे तुमच्या कामाचे आहेत. पहिला एएचआय, म्हणजे ताशी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला ते. उपचार चालू असताना तो ५ च्या खाली असावा अशी अपेक्षा असते. दुसरा लीक. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरची मर्यादा धरतात. त्याच्या वर गेलेला लीक मोठा समजायचा. इतर कंपन्यांची यंत्रं तो वेगळ्या पद्धतीने दाखवतात, म्हणून आपल्या यंत्राची मर्यादा डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला विचारून घ्या.

रात्रभराचा आलेख मिळत असेल तर तो नीट पाहा. सुरुवातीचा तास-दीड तास रेघ तळाशी सपाट, मग एकदम उडी मारून वर आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच, पुन्हा धपकन खाली, असे पठारासारखे टप्पे दिसले तर झोप गाढ झाल्यावर तोंड उघडत असण्याची शक्यता मोठी. रेघ पहिल्या मिनिटापासूनच वर असेल, तर आधी मास्कचा आकार आणि त्याची गादी तपासा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लीक मोठा असला की यंत्राला तुमचा श्वास नीट मोजता येत नाही, त्यामुळे त्या रात्रीचा एएचआयही भरवशाचा नसतो. ‘एएचआय चांगला आहे, मग लीक असू दे’ असं म्हणून सोडून देऊ नका.

पहिली पायरी : नाक

शांत बसा, ओठ मिटा आणि तीन मिनिटं फक्त नाकाने श्वास घ्या. मग एकेक नाकपुडी बोटाने हलकेच बंद करून दुसरीतून श्वास घेऊन पाहा. जागेपणी, बसलेले असताना तीन मिनिटं निघत नसतील, तर रात्री आडवं पडल्यावर सात तास निघतील ही अपेक्षाच चुकीची आहे. आडवं झाल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या भरतात आणि नाक आणखी अरुंद होतं. म्हणून हीच चाचणी आडवं पडूनही करा.

दोन बोटांनी गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ओढून पाहा. तेवढ्याने श्वास एकदम मोकळा झाला, तर नाकाचा पुढचा भाग अरुंद आहे. अशा माणसाला नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्टीचाही उपयोग होऊ शकतो. एकच नाकपुडी कायम बंद असेल तर नाकाचं हाड वाकडं असू शकतं. कूस बदलली की बंद नाकपुडीही बदलत असेल, शिंका येत असतील, नाक खाजत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. नाकातलं मांस वाढणं, पॉलिप, जुनाट सायनस हीही कारणं असतात. हे घरी ठरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. सीपॅप वापरणाऱ्या प्रत्येकाने नाक एकदा तपासून घ्यावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढचे कित्येक महिने तुमचा सगळा उपचार त्या दोन नाकपुड्यांतून जाणार असतो.

घरी करण्याजोगा सर्वांत चांगला उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा मीठ पुरतं. मीठ शक्यतो आयोडीन नसलेलं घ्या. पाणी मात्र खळखळून उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी थेट नाकात कधीही घालू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जिवावर बेततो. जलनेती करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. नाक निजण्याच्या तासभर आधी धुवा, नंतर पुढे वाकून पाणी पूर्ण निथळू द्या आणि मगच मास्क लावा.

डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल तर तो रोज मारायचा असतो. एका रात्रीत फरक पडत नाही, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागू शकतात. मारायची पद्धतही नीट हवी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न पडता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर पडत राहिला तर नाकातून रक्त येतं. जोरात आत ओढू नका, नाहीतर औषध घशात उतरतं.

नाक क्षणात उघडणाऱ्या थेंबांपासून सावध राहा. ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन असलेले थेंब सर्दीत तीन ते पाच दिवस ठीक आहेत. त्याहून जास्त दिवस घातले तर नाक थेंबांवाचून उघडेनासं होतं आणि आधीपेक्षा जास्त चोंदतं. सीपॅप वापरणारी कितीतरी माणसं नकळत या सापळ्यात अडकतात, कारण थेंब घातले की मास्क लगेच सोसवतो. तुम्ही रोज थेंब घालत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. ते सोडवण्याचे मार्ग आहेत.

दुसरी पायरी : ओलावा

यंत्राला जोडलेल्या ह्युमिडिफायरचं काम हवेला ऊब आणि ओल देण्याचं असतं. तो आला तसा एकाच आकड्यावर वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. कोकणात जुलैत हवाच इतकी दमट असते की थोडा ओलावा पुरतो. तेच नागपूरच्या एप्रिलमध्ये किंवा पुणे-नाशिकच्या डिसेंबरमध्ये नाक सुकून जातं. एसी चालू असलेली खोलीही कोरडीच धरा. सकाळी नाक कोरडं वाटलं तर ओलावा एक घर वाढवा, दोन-तीन रात्री पाहा, मग ठरवा.

ओलावा वाढवल्यावर नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येत असेल, तर वाफ थंड नळीत पाणी होते आहे. गरम होणारी नळी घ्या किंवा नळीवर कापडी आवरण चढवा, यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवा आणि एसीचा झोत नळीवर पडू देऊ नका. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर वापरा, रोज बदला. बोअरच्या पाण्याने भांड्यात क्षाराचे थर बसतात. नाक मोकळं व्हावं म्हणून त्या पाण्यात निलगिरीचं तेल, बाम किंवा कापूर घालायचा मोह होतो. तो टाळा. असला अर्क रात्रभर दाबाने फुप्फुसात जाणं बरं नाही आणि यंत्रही खराब होतं.

तिसरी पायरी : जिभेला तिची जागा शिकवा

नाक मोकळं झालं की पुष्कळांचा निम्मा प्रश्न सुटतो. राहते ती सवय. वर्षानुवर्षं नाक चोंदलेलं असलं की जीभ तोंडाच्या तळाशी पडून राहायला शिकलेली असते. तिला वर राहायला शिकवावं लागतं, आणि हा सराव जागेपणी करायचा असतो.

‘नळ’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘न’वरच थांबा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर टेकलं आहे. ही टोकाची जागा. आता जिभेने ‘टॉक्’ असा आवाज काढण्याच्या तयारीत संपूर्ण जीभ टाळूला चिकटवा, पण आवाज काढू नका. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, जबडा सैल. नाकाने सावकाश श्वास घेत राहा. सुरुवातीला जीभ लवकर दमते. मिनिटभराने सोडा आणि पुन्हा धरा.

मग जिभेचा मागचा भाग. ‘गंगा’ म्हणताना मधल्या अनुस्वारावर थांबा आणि तो लांबवा, ‘गङ्ङ्ङ’. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला जाऊन टेकलेला जाणवेल. आवाज बंद करा, पण जीभ तशीच ठेवा आणि ओठ जरा उघडा. तोंड उघडं असूनही श्वास नाकातूनच ये-जा करतो. मघाशी सांगितलेलं कुलूप ते हेच, आणि वर्णमालेतला ‘ङ’ ते बरोबर दाखवून देतो.

हे जमलं की यंत्र लावून करा. संध्याकाळी बातम्या पाहताना किंवा वाचताना नाकाचा मास्क लावून बसा, यंत्र सुरू करा. ओठ मिटून जीभ वर ठेवा आणि चार-पाच श्वास घ्या. आता मुद्दाम जीभ सैल सोडून तोंड उघडा. हवा भसकन बाहेर येईल. घाबरू नका, तोंड उघडंच ठेवून ‘ङ’ची जागा पकडा. हवा थांबेल. पुन्हा सोडा, पुन्हा पकडा. सोडलेलं आणि पकडलेलं यांतला फरक जिभेला कळला पाहिजे. रोज पंधरा-वीस मिनिटं असं बसलात तर मास्कची भीतीही कमी होते. झोपताना दिवा मालवल्यावर पहिली काही मिनिटं जीभ त्याच जागी ठेवून नाकाने श्वास घ्या आणि तसेच झोपी जा.

दिवसभरही लक्ष ठेवा. जिना चढताना, संगणकासमोर बसलेले असताना, गाडी चालवताना तोंड उघडं राहतं का? दिसलं की मिटा. दिवसा सदोदित तोंडाने श्वास घेणारा माणूस रात्री अचानक नाकाने घेऊ लागत नाही.

भ्रामरी प्राणायाम या सरावाला चांगली जोड देतो. ओठ मिटून गुणगुणताना नाकातली हवा कंप पावते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतं. सायनसच्या पोकळ्यांत हवा खेळती होत असल्याची ती खूण आहे. भ्रामरीने ॲप्निया बरा होतो असा याचा अर्थ नाही. पण ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घेण्याची सवय लागते आणि झोपण्याआधी मन निवतं, एवढा लाभ नक्की.

जिभेच्या आणि घशाच्या व्यायामाला संशोधनाचाही आधार आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथे मध्यम ॲप्नियाच्या रुग्णांना तीन महिने असे व्यायाम दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी एएचआय सुमारे २२ वरून १४ च्या आसपास आला. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, स्नायू खरोखर शिकतात, पण त्यांना महिने द्यावे लागतात. दुसरी, १४ म्हणजेही ॲप्निया शिल्लकच होता. व्यायाम यंत्राला मदत करतात, यंत्राची जागा घेत नाहीत.

चौथी पायरी : प्रेशर, मास्क, उशी

प्रेशर जास्त असेल तर हवा जीभ-टाळूचं कुलूप ढकलून उघडते. कमी असेल तर घसा बंद होतो आणि माणूस धापा टाकत तोंड उघडतो. त्यामुळे दोन्हीकडून तोंडच उघडतं. प्रेशर स्वतःच्या मनाने बदलू नका. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा की दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ऑटो यंत्राची वरची-खालची मर्यादा मला योग्य आहे का, उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा कमी करणारी सोय चालू करावी का. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू वाढवणारा रॅम्प अनेकांना सोयीचा पडतो. काहींना मात्र रॅम्पच्या सुरुवातीच्या कमी दाबात गुदमरल्यासारखं होतं, त्यांनी सुरुवातीचा दाब थोडा वाढवून मागावा.

मास्कची सिलिकॉनची गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचं तेल बसलं की ती घसरते. मास्क झोपायच्या स्थितीत, आडवं पडून आणि हवा चालू असताना बसवा. बसून बसवलेला मास्क आडवं पडल्यावर सैल होतो.

उताणं झोपल्यावर जबडा खाली-मागे पडतो, म्हणून कुशीवर झोपायचा प्रयत्न करा. दोन-दोन उंच उशा घेतल्या तर मान वाकून घसा दाबला जातो. मान सरळ राहील इतकीच उशी ठेवा. दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते, ती रात्री नको. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांच्या नजरेखाली असाव्यात. दातांची कवळी रात्री काढून ठेवणाऱ्यांच्या जबड्याचा आधार जातो आणि ओठ नीट मिटत नाहीत. कवळीचं काय करावं हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवा.

हनुवटीचा पट्टा

एवढं करूनही जबडा उतरत असेल, तर चिनस्ट्रॅप वापरून पाहायला हरकत नाही. अट एकच, नाक मोकळं हवं. पट्टा हनुवटीला वर उचलणारा हवा, मागे ओढणारा नको. जबडा मागे गेला की जीभही मागे जाते आणि वाट आणखी अरुंद होते. खोकला आला, बोलावंसं वाटलं, तर तोंड उघडता आलं पाहिजे इतपतच तो घट्ट असावा. आणि चिनस्ट्रॅप हा स्वतः ॲप्नियाचा उपचार नाही. यंत्राशिवाय नुसता पट्टा बांधून झोपू नका.

ओठांवर टेप लावू नका

समाजमाध्यमांवर सध्या तोंडाला टेप लावून झोपण्याचं फॅड आहे. सीपॅप वापरणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. रात्री उलटी झाली, आंबट पाणी वर आलं, नाक अचानक चोंदलं, तर तोंड हाच सुटकेचा मार्ग असतो. आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो म्हणजे वीज जाणं. पहिल्या वळिवात रात्री दोन वाजता वीज जाते. यंत्र बंद पडतं, ताजी हवा यायची थांबते, मास्क मात्र नाकावर तसाच. सोडलेला श्वासच मास्कमध्ये आणि नळीत फिरू लागतो. अशा वेळी झोपेतला माणूस आपसूक तोंड उघडून श्वास घेतो. टेप लावली असेल तर ती वाटही आपण स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. ज्यांना स्वतःच्या हाताने टेप चटकन काढता येणार नाही, ज्यांनी मद्य किंवा गुंगीचं औषध घेतलं आहे, ज्यांना पित्त उसळण्याचा त्रास आहे, त्यांनी तर हा विचारही करू नये.

वीज वारंवार जात असेल तर यंत्र इन्व्हर्टरवर घ्या. यंत्रापेक्षा ह्युमिडिफायर आणि गरम नळी जास्त वीज खातात. इन्व्हर्टरवर असताना ती दोन्ही बंद ठेवली तर बॅटरी बराच वेळ पुरते.

फुल फेस मास्क घ्यावा लागला तर

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेणं म्हणजे हरणं नव्हे. नाकाची शस्त्रक्रिया व्हायची आहे, सर्दी जोरात आहे, किंवा नाक काही केल्या मोकळं होत नाही, अशा वेळी तो हवाच. त्यात वीज गेल्यावर बाहेरची हवा आत घेणारी झडपही असते. मात्र तो चेहऱ्याच्या जास्त भागावर बसतो, म्हणून कडेने लीक जास्त होऊ शकतो. त्याचे पट्टे जबड्याला मागे दाबू शकतात आणि पुष्कळदा नाकाच्या मास्कपेक्षा जास्त प्रेशर लागतं. म्हणून शक्य असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करावी. नाकाचा सराव चालू असताना ज्या रात्री जमणार नाही त्या रात्री फुल फेस मास्क लावा, पण यंत्राशिवाय झोपू नका. मास्कचा प्रकार कायमचा बदलायचा असेल तर प्रेशरही पुन्हा तपासून घ्या.

किती दिवस वाट पाहायची

रोज सकाळी आकडे पाहून खूश किंवा नाराज होऊ नका. आठवड्याची सरासरी पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. नाकाच्या उपचाराचा फरक दोन-तीन आठवड्यांत दिसायला हवा. जिभेच्या सवयीला दोन-तीन महिने द्या. तोंड रात्रभर शंभर टक्के मिटलेलं राहिलं पाहिजे असा हट्ट नको. लीक मर्यादेत आहे, एएचआय ५ च्या आत आहे, सकाळी तोंड ओलसर आणि डोकं हलकं आहे, एवढं झालं की काम फत्ते.

काही वेळा मात्र थांबू नका. नाकातून वारंवार रक्त येणं, एकच नाकपुडी कायम बंद असणं, कान दुखणं, छातीत दुखणं, उपचार चालू असूनही गाडी चालवताना डोळा लागणं, यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. डोळा लागत असेल तर त्याचं कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना यंत्राचं कार्ड किंवा ॲपचा अहवाल, मास्क, चालू औषधांची यादी आणि शक्य असेल तर रात्री तुम्हाला पाहणारं घरातलं माणूस बरोबर न्या. चार प्रश्न लिहून ठेवा: माझं नाक कुठे अडतं आहे? माझा लीक तोंडातून आहे की मास्कमधून? माझं प्रेशर योग्य आहे का? मला कोणता मास्क बसतो? उपचारावाचून राहिलेल्या ॲप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांच्याशी आहे, त्यामुळे या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतही थांबायचं कारण नाही. ओठ मिटून तीन मिनिटं नाकाने श्वास घेण्याची चाचणी आज रात्री मास्क लावण्याआधीच करून पाहा.